साहेबाला नसलेली मुलगी

रविवार आला की माझ्या दारापुढं गाडी थांबते. कधी नागपूरची, कधी रायपूरची. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर पोटभर जेवलेली माणसं दात कोरत उतरतात आणि विचारतात, "दादी, वो मेमसाहब की बेटी की समाधी किधर है?" मी सांगते, साहेबाला मुलगी नव्हती. ते एकमेकांकडं बघून हसतात. एका बाईनं तर माझ्या पाठीवर हात ठेवून मला धीर दिला. "डरिए मत दादी, हम उसका नाम नहीं लेंगे."

नाव कुठून घेणार? मी नाव ठेवलंच नव्हतं. सुचलं नाही म्हणून राहिलं, आणि वाचणाऱ्यांना वाटलं, यात काहीतरी गूढ आहे.

गेली दोन वर्षं हा वैताग चालू आहे आणि बोलायची सोय नाही, कारण तो मीच लिहून ठेवलेला आहे. स्वतःच्या हातानं, हिरव्या शाईनं.

लग्न होऊन मी नागपूरहून या गावात आले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती, शिक्षिकेच्या नोकरीचा कागद होता आणि आपण लेखिका आहोत असा समज होता. तिन्हींत समज सगळ्यात जड. दोन वेण्या पुढं घेऊन मी शाळेत जायची आणि पोरं "मले, तुले" म्हणाली की कान धरून "मला, तुला" म्हणायला लावायची. आता माझ्याच तोंडात मले-तुले बसलं आहे, ती पोरं आजोबा झाली आहेत आणि रस्त्यात भेटली की मला मुद्दाम "मला, तुला" म्हणून दाखवतात.

शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही नागपूरच्या. गावाचा इतिहास तुम्ही लिहा." गावच्या माणसाला गाव ठाऊक असतं, म्हणून त्याला कोणी लिहायला सांगत नाही. मी मात्र ही निवड अगदी योग्य समजले आणि नवी वही आणली.

गावाचा इतिहास म्हणजे तलावावरच्या टेकाडावरची गोऱ्या साहेबाची कोठी, एवढं मी आधीच ठरवून टाकलं होतं. लांब व्हरांडा, कौलारू छप्पर, आत चार खोल्या एवढ्या उंच की बोललेलं परत ऐकू यावं. तेव्हा तिथं सरकारी धान्याची पोती ठेवत. पोत्यांच्या मधून चालताना मला झुंबरं दिसायची.

साहेबाचा खानसामा तेव्हा जिवंत होता. पंच्याऐंशीच्या घरातला म्हातारा, शाळेमागच्या चिंचेखाली बसून असायचा. मी वही उघडून त्याच्यापुढं बसले. त्यानं जे सांगितलं ते असं: साहेब जंगलाचा ठेकेदार होता, रेल्वेच्या रुळांखाली घालायची लाकडं पुरवायचा. त्यात कमावून त्यानं पाच गावांची मालगुजारी घेतली, म्हणजे ती गावं त्याची झाली आणि सारा गोळा करायचा हक्क त्याचा. मग कोठी बांधली. मेम एकदाच आली, एका हिवाळ्यात. न्हाणीघरातल्या टबात बेडूक निघाला, ती परत गेली आणि पुन्हा आली नाही. मूलबाळ काही नाही. दोन कुत्रे होते, त्यांना साहेबानं कोठीमागच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं आणि वर दगड बसवले. साहेबाला उन्हाळ्यात पाठीवर गळवं यायची. तो मेल्यावर पुतण्या आला, त्यानं सगळं एका सावकाराला विकलं. पुढं मालगुजाऱ्या गेल्या आणि कोठी सरकारजमा झाली.

"आणि तलाव?" मी विचारलं. "तलाव साहेबानं बांधला ना?"

"नाई वो बाई," म्हातारा म्हणाला. "तलाव तं त्याच्या आजाच्या आंदीपासून आहे. साहेबानं सांडव्याचे चार दगड बदलवले अना वरतं आपलं नाव कोरलं."

मी वही मिटली. बेडूक, गळवं आणि कुत्रे यांचा काय इतिहास लिहायचा? त्या म्हाताऱ्यानं एका बैठकीत एका घराण्याची सगळी हकिगत मला दिली होती, आरंभापासून विक्रीपर्यंत, आणि मला वाटलं, याचं वय झालं आहे. आता माझ्याबद्दल लोकांना तेच वाटतं. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

आता पाणकरीण. माझ्याच वर्षी लग्न होऊन या गावात आलेली, माझी मैत्रीण. हे नातं त्या काळी मी उघड मान्य करत नसे, कारण ती शाळेत गेली नव्हती. तिच्या सासरच्यांकडं पिढ्यान्‌पिढ्या तलावाचं पाणी सोडायचं काम. आमच्याकडच्या जुन्या तलावांना तुडुम असतं. तलावाच्या पोटात दगडी पायऱ्या, पायरीपायरीला भोक, भोकाला लाकडी बूच. पाणी उतरेल तसं वरून एकेक बूच काढायचं, म्हणजे पाणी पाटात जातं. तलाव भरला की तुडुम दिसत नाही. म्हणून त्याच्या बरोबर वर, पारीवर म्हणजे तलावाच्या बांधावर, कमरेएवढा एक उभा दगड रोवलेला आहे. पावसानं पाठ फिरवली आणि उशिरा पिकणारा भारी धान लोंबीवर आला की पाणकर त्या दगडापासून सरळ खाली उतरतो, बुडी मारतो आणि बूच उपसतो. आणि तो पाण्याखाली असेतो त्याची बायको दगडावर हात ठेवून उभी राहते. तो वर येईपर्यंत हात काढायचा नाही, हलायचं नाही, बोलायचंही नाही शक्यतो.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाणकरीण एकोणीस वर्षांची होती. हिरवं लुगडं, हात दगडावर आणि नजर पाण्यावर. तिचे ओठ पांढरे पडले होते. पाण्यावर दोन बुडबुडे आले आणि मग काहीच नाही. सगळं गाव गप्प. मग पाटात पाणी आदळल्याचा आवाज झाला, त्याचं डोकं वर आलं आणि तिनं हात काढला. घरी येऊन मला जेवण गेलं नाही, इतकं ते मनात बसलं.

आणि मी काय केलं? ते उचललं आणि मेमला दिलं.

स्मरणिकेत मी लिहिलं की साहेब-मेमसाहेबांना एक मुलगी होती. ती कमळं तोडायला होडीतून गेली आणि बुडाली. तिच्या आठवणीसाठी पारीवर तो दगड उभारला आणि मेमसाहेब रोज दगडावर हात ठेवून पाण्याकडं बघत राहायच्या. तलावही मी साहेबालाच देऊन टाकला, मुलीच्या हौसेसाठी बांधलेला. बेडूक पाहून पळालेली बाई मी वीस वर्षं पारीवर उभी केली.

स्मरणिका आली तेव्हा मी पाणकरणीला तो लेख वाचून दाखवला. मोठ्या आवाजात, आवाज कापवत. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"काऊन वो मास्तरीण, थे मेम कोन होय?"

"अगं, साहेबाची बायको."

"हात तं माजा होता."

मी तिला समजावून सांगितलं की साहित्यात असं करावं लागतं. इतिहासाला रंग द्यावा लागतो, तुला नाही कळायचं. हे मी म्हटलं. "तुला नाही कळायचं" हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, बाकी चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "रंगव बाई, तुयाजवर शाई आहे." मग पन्नास वर्षं आम्ही रोज भेटलो, एकमेकींची बाळंतपणं केली, आपापले नवरे पोहोचवले. तो विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

स्मरणिकेच्या प्रतींना वाळवी लागली आणि मला वाटलं, सुटले. वाळवीवर भरवसा ठेवू नये. एक प्रत माझ्या ट्रंकेच्या तळाशी होती, ती माझ्या नातीला सापडली. ती नागपुरात शिकते. तिनं पानांचे फोटो काढले, खाली चार ओळी लिहिल्या आणि मोबाईलवरून जगाला पाठवून दिल्या. आठवड्यानं तिचा फोन, "आजी, तुझी स्टोरी एकदम हिट झाली. लोक रडून राहिले."

"ती खोटी आहे," मी म्हटलं.

"असू दे ना. किती छान लिहिलंस."

मी तरुणपणी या एका वाक्याची किती वाट पाहिली होती. आलं ते असं.

पुढं सगळं धडाधड झालं. गाड्या येऊ लागल्या. दगडापाशी लोक बांगड्या, चॉकलेटं, बाहुल्या ठेवू लागले. सरपंचबाई माझीच विद्यार्थिनी, हुशार आणि कामाची. तिनं पर्यटनाचा प्रस्ताव केला. कोठीला गुलाबी रंग लागला. यंदाच्या उन्हाळ्यात दगडाभोवती थेट पाण्याच्या काठापर्यंत लोखंडी जाळी आली, जाळीला दार, दाराला कुलूप आणि वर पाटी: "मेमसाहेबांच्या कन्येची समाधी. कृपया हात लावू नये."

पाटी लागली त्या दिवशी पाणकरीण माझ्या घरी आली. नेहमी ती मागच्या दारानं येते, त्या दिवशी पुढच्या दारानं आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"वाचून दाखव," म्हणाली, "का लिवलं आहे थ्या पाटीवर."

मी वाचून दाखवलं. या वेळी आवाज कापवायची गरज पडली नाही.

"माजा मानूस चाळीस वर्सं थ्या पान्यात उतरला," ती म्हणाली. "आता पोरगा उतरते. मी हात कुठं ठेवू? पाटीवर?"

मी लगोलग पंचायतीत गेले. सरपंचबाईनं उठून नमस्कार केला, चहा मागवला. मी सांगितलं की मुलगी नव्हती, मी बनवली. ती माझ्याकडं प्रेमानं बघत राहिली, आजारी माणसाकडं बघतात तसं. मग कपाटातून माझाच लेख काढून माझ्यापुढं ठेवला, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला.

"बाई, हे तुम्हीच लिहिलं आहे. पुरावा आहे."

"मी लिहिलं म्हणूनच सांगते ना की खोटं आहे."

"वयामुळं होतं असं," ती म्हणाली. "माझी आई पण म्हणते, आमच्याकडं म्हैस नव्हती म्हणून."

घरी येताना मी रस्ताभर स्वतःशी भांडत आले. पारीवर सारसाची जोडी उभी होती, ती पण मला बघून बाजूला झाली. आणि तिथंच, अर्ध्या वाटेत, मला एक युक्ती सुचली. लबाडी म्हणा. माझ्या खऱ्याला किंमत नाही, पण जुन्या कागदावरच्या खोट्याला आहे. मग आणखी एक कागद जुना करायचा. हिरवी शाई आहे, जुनी वही आहे, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की झालं. बुडालेली मुलगी मेमच्या स्वप्नात येऊन सांगते: माझ्या दगडावर पाणकरणीच्या घरच्यांनीच हात ठेवावा. सरपंचबाई दुसऱ्या दिवशी कुलूप काढेल.

मी खरंच लिहिलं. एक बरं वाक्य जमलं तेव्हा मला आनंदही झाला, इतकी मी निर्लज्ज. वाळवलं आणि पाणकरणीला वाचून दाखवलं.

तिनं कागदाचा वास घेतला. "चाय होय," म्हणाली. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला. "माज्या सासऱ्याचा दगड मले थ्या पोट्टीच्या मेहरबानीनं नोको. नसलेल्या पोट्टीच्या तं नोकोच."

"मग काय करू?"

"लिवतानी मले पुसलं होतं का तू?"

मी उठले. चुलीत कागद टाकला. आतून अजून ओलसरच होता, पेटलासुद्धा नाही धड, नुसता धूर केला.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत मी स्मरणिका घेऊन उभी राहिले. मोठं भाषण करायचं असं काही ठरवलं नव्हतं. मी लेख वाचायला लागले आणि प्रत्येक ओळीनंतर थांबत गेले. कोठीभोवती गुलाबांचा ताटवा: हा मी नागपूरच्या महाराजबागेत पाहिला होता, तिकीट काढून. पियानोचे करुण सूर: पियानो मी सिनेमात पाहिला, शेजारी भुईमुगाच्या शेंगा खाणारा माणूस होता म्हणून सूर नीट ऐकूही आले नव्हते. मुलीचे निळे डोळे: हे बिस्किटाच्या डब्यावरचे. होडी: आपल्या तलावात तेव्हा एकच डोंगा होता, मासे धरणाऱ्या ढिवरांचा, त्याला भोक होतं. लोक हसायला लागले. मीही हसत होते, पण पुढचं पान आलं तेव्हा मला हसू येईना.

"आणि दगडावर हात ठेवून उभी राहिलेली बाई," मी म्हटलं, "ही मात्र खरी आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली. ती समोर बसली आहे. मी तिचा हात काढून मेमच्या मनगटाला लावला."

चारदोन माणसं वळून पाणकरणीकडं बघायला लागली. मला वाटलं, झालं काम. इतक्या वर्षांनीही मला सभा कळत नाही.

सरपंचबाई म्हणाली, "बाई, तुमचं म्हणणं लक्षात आलं. पण प्रस्ताव मंजूर होऊन आला आहे. आता मुलगी नव्हती असं कळवलं तर ते विचारतील, मग समाधी कोणाची?"

"कुत्र्यांची कळवा. ती खरी आहे, मोहाखाली आहे."

"कुत्र्यांसाठी कोण येईल हो रायपूरहून?"

यावर मागून कोणी म्हणालं की मुलगी नसली तरी असू द्यावी, चहाची टपरी चालते. दुसऱ्याचं म्हणणं, मुलगी असावी पण तलाव साहेबानं बांधला हे काढावं. तिसऱ्याला कोठीच्या रंगाची तक्रार होती. अर्धा तास हेच. मी खाली बसले. खऱ्याला जागा मिळेना आणि खोट्याचं आसन पक्कं होऊन बसलेलं, ते मीच पाच पानांत मांडलेलं.

शेवटी एक शेतकरी उठला. "मुलगी रायली बाजूले," तो म्हणाला. "दहा रोज झाले, पानी नाई. भारी धान लोंबीवर आहे. तुडुम कवा काढता?"

सगळे पाणकरणीच्या मुलाकडं वळले. तो मान खाली घालून म्हणाला, "कुलूप आहे. अना माय दगडाले हात लावल्याबिगर मी उतरत नाई."

"अरे, मोटार लावू," कोणी म्हणालं.

"लावा."

मोटार कोण लावणार, वीज किती वेळ राहणार, डिझेल कोणाचं, यावर चार वाक्यं झाली आणि विषय तिथंच मेला. मग पाणकरीण उठली. ग्रामसभेत ती आजवर बोललेली नव्हती.

"माजा मानूस खाटेवर मेला," ती म्हणाली. "पान्यात नाई. येवढंच सांगतो. चावी द्या."

आणि खाली बसली.

चावी मिळाली. खऱ्यामुळं नाही, धानामुळं मिळाली. ठरावात लिहिलं गेलं की साहेबांच्या कन्येच्या समाधीची देखभाल पाणकराच्या घराण्याकडं सोपवण्यात येत आहे. ते वाचून मी कपाळाला हात लावला. पाणकरीण म्हणाली, "लिवू दे. चावी कोनाजवर आहे थे पाय." तिनं ती कमरेला खोसली होती.

दोन दिवसांनी, रविवारीच, सकाळी तुडुम काढलं. सुनेनं दगडाला कुंकू लावलं, बाहुल्या उचलून बाजूला केल्या. पाणकरणीनं दगडावर हात ठेवला. आता तो हात सुरकुतलेला आहे आणि थरथरतो, पण दगडावर ठेवला की थरथरत नाही. मुलगा पाण्यात उतरला. मी जाळीला धरून उभी होते.

तेवढ्यात गाडी आली. चष्मा डोक्यावर चढवलेली एक बाई थेट जाळीच्या दारात आली. तिनं पाटी पाहिली, दगडावरचा हात पाहिला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "माताजी, आप साहब के खानदान से हैं?"

मी तोंड उघडणार होते. पाणकरीण पाण्यावरची नजर न हलवता म्हणाली, "हौ. थे पोट्टी मीच होय. बुडाली नोती. आता चूप राय, पोरगा खाली आहे."

ती बाई चूप राहिली. मीही राहिले. दोन बुडबुडे आले. मग काही नाही.  मग पाटात पाणी आदळलं, पोराचं ओलं डोकं वर आलं, आणि पाणकरणीनं हात काढून पदराला पुसला.

पुढच्या रविवारी दोन गाड्या आल्या. "दादी, सुना है वो लड़की जिंदा है?"

मी पाणकरणीच्या घराकडं बोट केलं आणि दार लावून घेतलं.